आजी, किडे आणि बाटली

वाघसिंहांना माणसाने पिंजऱ्यात घातले, हत्तीच्या पाठीवर अंबारी चढवली, नद्यांना धरणे घालून अडवले. पण ढेकणापुढे मात्र त्याने केव्हाच हात टेकले. राजाच्या पलंगात ढेकूण, रंकाच्या बाजेत ढेकूण, आणि वसतिगृहाच्या खाटेबद्दल तर विचारूच नका! परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता आमच्या खोल्यांतून दिवे दिसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, मुली काय अभ्यास करतात! प्रत्यक्षात एका हातात मोबाईलचा दिवा असतो आणि दृष्टी गादीच्या शिवणीवर खिळलेली असते.

यंदाच्या अंकासाठी लेख मागताना सरांनी वर्गात एक अट घातली होती. पाऊस, आई आणि प्रेम हे तीन विषय सोडून काहीही लिहा म्हणाले. हे तीन गेल्यावर उरले काय? मला तरी किडेच उरलेले दिसले.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. कीटकशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या पुस्तकापुरता. पण माझे घर कपाशीच्या मुलुखात आहे, आणि ज्या घरी कपाशी असते तिथे किड्यांविषयी बोलणे हे पावसापाण्याविषयी बोलण्याइतकेच रोजचे असते. शिवाय आमच्या घरी आजी आहे. ती ऐंशीच्या आसपास असावी. नक्की साल तिलाही सांगता येत नाही. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. मात्र किडा कोणता, तो कुठून आला आणि आता कुठे जाणार, हे ती ज्या खात्रीने सांगते, त्या खात्रीने आम्ही आमच्या नेमलेल्या पुस्तकांविषयीही बोलू शकत नाही.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नकोच. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा ही मंडळी घाटावरची. आणि खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद ही घाटाखालची, पूर्णेच्या खोऱ्यातली. आम्ही घाटाखालचे. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि घाटावरचे पाहुणे लग्नाला येतानासुद्धा दहा वेळा विचार करतात. आजीला मात्र त्या उन्हाचा मोठा अभिमान. “आमच्या इथल्या उन्हात किडा टिकत नाई. घाटावरच्या गव्हाले सोंडे लवकर लागतात,” असे ती म्हणते. हे तिचे मत मी अजून पडताळून पाहिलेले नाही. माझी आई घाटावरची आहे, तेव्हा त्या मतात गव्हाशिवाय आणखीही काही मिसळलेले असण्याचा संभव आहे.

उन्हाचे काम मात्र खरे. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. ताडपत्रीवर गहू, जुन्या लुगड्यावर मूग, सुपात मेथ्या. चार कडक उन्हे दिल्याशिवाय आजी दाणा कोठीत जाऊ देत नाही. तिची परीक्षा दाताची: दाणा दाताखाली कट्ट वाजला तर पास, दबला तर आणखी एक ऊन. धान्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास उतरला की सोंड्याला त्यात संसार थाटणे जड जाते, असे पुस्तक सांगते. आजी तेच दाताने मोजते. दुसरा नियम असा की, उन्हातून उचललेले धान्य लगेच भरायचे नाही. रात्रभर ते गार होऊ द्यायचे. गरम दाणा कोठीत गेला की आत वाफ धरते, वाफेने ओल येते आणि मग चार दिवसांचे कष्ट पाण्यात. भरताना हातभर गहू, मग वाळलेल्या निंबाच्या पाल्याचा थर, पुन्हा हातभर गहू. पाला सावलीत वाळवून कुरकुरीत झालेला हवा. ओला टाकला तर किडा राहिला बाजूला, बुरशीच यायची.

तुरीची तऱ्हा निराळी. तुरीला लागणारा भुंगेरा आपली अंडी दाण्याच्या सालीवर बाहेरून चिकटवतो, आणि अंड्यातून निघालेली अळी आत शिरते. म्हणून खायची तूर आमच्याकडे लवकरात लवकर भरडून डाळ होते. भरडलेल्या डाळीत या भुंगेऱ्याचे काही जमत नाही. बियाण्याच्या तुरीला मात्र भरडता येत नाही. तिला आजी चुलीची चाळलेली राख चोळते आणि घरी खायच्या मुगाला एरंडेलाचा हात फिरवते. तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही. राखेचे काम त्याहून गमतीचे आहे: किड्याच्या अंगावर मेणासारखा एक थर असतो, राखेचे बारीक कण तो खरवडतात, आणि अंगातले पाणी उडून किडा वाळून जातो. हे कारण मला पुस्तकात सापडले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने आजीला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मंग? मी काय म्हनत होती?”

पण मला सगळ्यांत नवल वाटते ते तिच्या अमावास्येच्या तपासणीचे. दर अमावास्येला ती कोठीचे झाकण काढते आणि कोपरापर्यंत हात गव्हात घालून डोळे मिटून उभी राहते. लहानपणी मला वाटायचे, काही मंत्र म्हणत असावी. ती फक्त गरमी पाहत असते. आत किडा वाढू लागला की धान्य तापते. डोळ्याला किडा दिसायच्या आत हाताला कळते. हात कोमट लागला की त्या दिवशी सगळी कोठी खाली. चाळण, सूप, ऊन, पुन्हा पहिल्यापासून. मग त्या दिवशी कुणाचे महाविद्यालय असो की परीक्षा असो.

डासांच्या बाबतीत आजीचे आणि आमच्या गावच्या आशाताईंचे एकदा चांगलेच वाजले. आशाताई घरोघर सांगत आल्या होत्या की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी पालथी घाला. आजी म्हणाली, “आठ दिवसानं नळ येते, अन् तू म्हनते पानी फेकून दे? घाटावर बोलत हायेस का घाटाखाली?” दोघींचेही खरे होते. डेंगीचा डास घाण पाण्यात नव्हे, आपल्या रांजणातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आमच्या नळाचे आणि डासाचे वेळापत्रक जवळजवळ एकच! शेवटी तोड निघाली ती अशी: पाणी फेकायचे नाही, पण नळाच्या दिवशी रांजण संपवून, आतून काथ्याने आणि राखेने घासून, मगच भरायचा; आणि तोंडाला धोतराचा फडका घट्ट बांधायचा. घासण्याला महत्त्व आहे, कारण या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पालथे घालून ती मरत नाहीत. गुरांच्या हौदात आशाताईंनी गप्पी मासे आणून सोडले. आजी आता त्या माशांना भाताची शिते टाकते, आणि आशाताई तिला ओरडतात की त्यांना उपाशी ठेवा, म्हणजे ते डासांच्या अळ्या खातील.

संध्याकाळच्या धुराविषयी मात्र माझा आजीशी मतभेद आहे. गोवरीच्या निखाऱ्यावर निंबाचा पाला टाकला की डास जातात, हे मान्य. पण तासाभराने ते परत येतात, आणि मधल्या तासात घरातली माणसेही खोकत अंगणात जातात. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतात, तेव्हा लोक ओरडून तिला रोगराईबरोबर ढेकूण आणि डासही घेऊन जायला सांगतात. धुरापेक्षा मला तो उपाय बरा वाटतो. निदान डोळे तरी चुरचुरत नाहीत.

आजी लग्न होऊन या घरात आली ते दिवस मलेरिया निर्मूलनाचे होते. हिवतापाविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५३ साली सुरू झाली आणि १९५८ साली तिला निर्मूलनाचे रूप आले. पाठीवर पंप घेतलेली माणसे गावात येत, घराच्या भिंतींवर डीडीटीचे पांढरे पाणी मारीत आणि दाराशी तारीख लिहून जात. आजी सांगते की पहिल्या वर्षी डास तर गेलेच, पण बाजेतले ढेकूणही पटापट खाली पडले. बायकांनी त्या माणसांना चहा पाजला. दुसऱ्या वर्षी ढेकूण थोडे राहिले. पुढे पुढे भिंत पांढरी होई आणि ढेकूण तिच्यावरून खुशाल फिरत. “त्याईले सवय झाली,” ती म्हणते. शास्त्र म्हणते, सवय नव्हे; ज्यांना त्या विषाने मरण येत नाही असे काही ढेकूण आधीपासूनच असतात, बाकीचे मेले की त्यांचीच प्रजा उरते. डासांचेही तेच झाले, आणि मोहीमही सैल पडली. १९६५ साली देशात हिवतापाचे रुग्ण एक लाखाच्या घरात उतरले होते. १९७६ साली ते चौसष्ट लाखांच्या वर गेले. ज्या डीडीटीच्या गुणाबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच डीडीटीवर १९६२ साली रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिले आणि सगळ्या जगाला विचारात पाडले. आमच्या बाजेने मात्र त्याआधीही आणि त्यानंतरही एकच औषध मानले: वैशाखातले ऊन आणि सुतळीच्या सांध्यांवर ओतलेले उकळते पाणी. त्या पाण्याची सवय ढेकणाला अजून झालेली नाही.

परसातल्या बागेविषयी लिहायचे तर एक स्वतंत्र लेख होईल. तूर्त जास्वंदीची एकच गोष्ट सांगते. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला होता. मी मावा धुवायला निघाले, तर आजी म्हणाली, आधी मुंगळे पाहा. बुंध्यावरून मुंगळ्यांची रांग वर चाललेली होती. मावा झाडाचा रस पितो आणि अंगातून गोड चिकट थेंब टाकतो. तो थेंब मुंग्यांना आवडतो. म्हणून त्या माव्याला गाईसारखे पाळतात, आणि माव्याला खायला येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. आजीने बुंध्याला जुन्या चिंधीचा पट्टा बांधला आणि त्याला बैलगाडीच्या आसाचे काळे वंगण फासले. मुंगळे खाली अडकले. आठवड्याने शेंड्यांवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरू लागले, आणि मावा त्यांनीच संपवला. आम्ही झाडावर काहीही शिंपडले नाही.

निंबाविषयी आता सांगितलेच पाहिजे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत सगळे घरी बसलेले असताना, अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत टोळधाड आली. दूरदर्शनवर थाळ्या वाजवणारी माणसे दाखवत होते. आजीने ते पाहून एकच प्रश्न विचारला: “निंबावर बसले का थे?” आम्ही हसलो. नंतर वाचनात आले की हाच प्रश्न एका जर्मन शास्त्रज्ञालाही पडला होता. हाइन्रिख श्मुटरर हे १९५९ साली सुदानमध्ये असताना टोळ आले, आसपासची सगळी हिरवळ त्यांनी फस्त केली, आणि निंबाची झाडे तेवढी हिरवी उभी राहिली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर मारून पाहिले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. निंबोळीत अझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य असते. ते किड्याला एका झटक्यात मारीत नाही. त्याची अन्नावरची वासना जाते, आणि कात टाकण्याचे त्याचे आतले वेळापत्रक बिघडते. अळीची पुढची अवस्था नीट होत नाही आणि ती तशीच खंगते. म्हणूनच निंबोळी मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन निराश होतो: अळ्या तर जिवंत दिसतात! त्या खात नाहीत, हे पाहायला तिथे जरा वेळ बसावे लागते. हे द्रव्य उन्हाने लवकर विरते, तेव्हा फवारा संध्याकाळीच मारायचा. याच निंबाच्या तेलाच्या एका उपयोगावर अमेरिकेचे कृषी खाते आणि एक कंपनी यांनी मिळून युरोपात पेटंट मिळवले होते. भारतातून आव्हान दिल्यावर ते २००० साली रद्द झाले आणि २००५ साली त्यांचे अपीलही फेटाळले गेले. आजीला हे सांगितले तेव्हा तिला पेटंट म्हणजे काय ते समजावून देण्यातच माझी संध्याकाळ गेली. समजल्यावर ती बराच वेळ दाराशी उभ्या असलेल्या निंबाकडे पाहत होती.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आजी जुन्या वळणाची, तिला नव्या औषधांचा राग. तसे नाही. बाटलीतले औषध किडा लवकर मारते, हे ती कबूल करते. तिचे म्हणणे निराळे आहे, आणि ते मला उशिरा कळले.

कपाशीला फवारणी लागते, आमच्याकडेही लागते. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सगळ्यांना वाटले. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. आणि २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने याच वाणांची बोंडे आतून पोखरून महाराष्ट्रभर कापूस नासवला. ढेकणाची आणि डीडीटीची गोष्ट शेतात नव्याने घडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. मी तेव्हा सहावीत होते. आमची कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती. काका पंप पाठीवर घेऊन तिच्यात शिरले की नुसता नळीचा आवाज येई, माणूस दिसत नसे. एका दिवशी वारा उलटा होता. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा सदरा छातीपर्यंत ओला होता आणि त्यांना ओसरीची पायरी दिसत नव्हती. ओकाऱ्या सुरू झाल्या. दवाखान्यातून ते चौथ्या दिवशी परत आले. त्यांच्या जिवाला काही झाले नाही. पण त्या चार दिवसांत घरात कुणी कुणाशी बोलले नाही.

काका आल्यावर आजीने एकच काम केले. धान्याच्या खोलीतल्या कोनाड्यात औषधाच्या बाटल्या असत, लाल त्रिकोणाच्या, अर्ध्या उरलेल्या. त्या सगळ्या तिने बाबांना घराबाहेर काढायला लावल्या. बाबा म्हणाले, काकांना जे झाले ते शेतात झाले, घरातल्या बाटलीने नव्हे. तेव्हा आजीने आमच्या आळीतल्या एका घराचे नाव घेतले. त्या घरातल्या तरण्या पोराविषयी आम्हां मुलांसमोर कधी बोलत नसत. आजी म्हणाली, “त्याईनं बी किड्यासाठीच आनली होती ना बाटली? किडे अजून शेतात हायेत.”

बाबा काही बोलले नाहीत. बाटल्या शेतातल्या खोपडीत पत्र्याच्या पेटीत गेल्या. पेटीला कुलूप लागले, आणि किल्ली आजीच्या कमरेला.

पुढे महाविद्यालयात आल्यावर श्रीलंकेविषयी वाचले. तिथल्या सरकारने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि या बंदीमुळे पिकांचे उत्पादन घसरल्याचे दिसले नाही. पुष्कळदा तो एका घटकेचा अंधार असतो, त्या घटकेला हाताशी काय आहे यावर सगळे अवलंबून असते, असे या विषयाचे जाणकार सांगतात. आजीने श्रीलंका नकाशावरही पाहिलेली नाही. पण निंबाचा पाला, राख, ऊन, फडका या सगळ्या खटाटोपामागे तिच्या मनात किड्यांपेक्षा घरातली माणसेच जास्त होती, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून “नैसर्गिक” हा शब्द आला की माना डोलावणाऱ्यांचे मला पटत नाही. तंबाखूचे पाणी नैसर्गिकच आहे, पण त्यातले निकोटिन कातडीतून अंगात भिनते आणि माणसाला आडवे करू शकते. ते करून बाटलीत भरून ठेवले तर लाल त्रिकोणाची बाटली घराबाहेर काढून मिळवले काय? घाटातली सीताफळे आपण आवडीने खातो. त्याच्या बियांची पूड उवांवर लावतात, आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. आजी तंबाखूचे पाणी करूच देत नाही. सीताफळाच्या बिया ती मोजून चुलीत टाकते. झुरळांसाठी आई कणकेत साखर आणि बोरिक पावडर घालून गोळ्या करते, त्यासुद्धा घरात लहान मूल पाहुणे आले की आजी आधी उचलायला लावते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत “करून पाहा” म्हणून जे दहा-दहा उपाय छापून येतात, त्यांत ही गोष्ट कुणी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे नसते. हे उपाय करायचे कुणी? मी एकदा सुट्टीत वहीत हिशेब मांडला. धान्याला चार उन्हे द्यायची तर चार दिवस दोन माणसे. दर अमावास्येची तपासणी. आठवड्याचे रांजण घासणे. रोज सकाळी वांग्याची आणि टमाट्याची पाने उलटून अंडी चिरडणे, पोखरलेली फळे आणि वाळलेले शेंडे तोडून जाळणे. पाला वाळवणे, राख चाळणे, बाज उन्हात टाकणे. या प्रत्येक कामापुढे मी करणाऱ्याचे नाव लिहीत गेले, आणि पानभर तीनच नावे आली: आजी, आई आणि मी. बाटलीचे झाकण उघडायला पुरुष येतात. पान उलटायला येत नाहीत. बाटली घरोघर एवढी पसरली त्याचे एक कारण मला वाटते हेही असावे, की तिने बायकांच्या मागचे एक मोठे काम कमी केले. म्हणून घरातली बाटली काढा असे जो कुणी सांगेल, त्याने सुपाला हात लावण्याची तयारीही ठेवली पाहिजे. आईला हे वाचून दाखवले तर ती म्हणाली, छापून येईल तेव्हा बाबांना वाच.

दादाला या कामाला जुंपले ते टाळेबंदीने. त्याचे वर्ग बंद, गावाबाहेर जाता येईना, आणि आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिने त्याला वांग्याच्या वाफ्यात बसवून पाने उलटायला लावली. पहिले दोन दिवस तो चिडला होता. तिसऱ्या दिवशी पानामागे मोहरीएवढ्या अंड्यांचा पुंजका त्याने आजीच्या आधी ओळखला आणि मग त्याला नादच लागला. पुढे कपाशीतले कामगंध सापळे तोच पाहू लागला. या सापळ्यात मादीच्या वासाचे आमिष असते, नर पतंग त्यात येऊन अडकतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस भरले तरच फवारणीचा विचार करायचा, असा नियम आहे. पूर्वी शेजाऱ्याचा पंप निघाला की आमचाही निघे. आता दादा आधी वही पाहतो. तुरीत त्याने टी आकाराचे पक्षिथांबे रोवले आहेत. त्यांवर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात व अळ्या टिपतात. फवारणी बंद झाली असे म्हणणार नाही. मागच्या हंगामात दोनदा पेटीचे कुलूप उघडावे लागले. पण सुरुवातीचे दोन्ही फवारे निंबोळीचे होते.

त्या फवाऱ्याचे गणित सोपे आहे. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करायचे. म्हणजे सोळा लिटरच्या पंपाला आठशे ग्रॅम. कुंड्यांसाठी कुणाला हवे असेल तर लिटरला पन्नास ग्रॅम पुरते. अडचण कृतीत नाही, निंबोळीत आहे. ती ज्येष्ठ-आषाढात पिकून पडते, नेमकी पेरणीच्या धांदलीत. तेव्हा वेचली नाही तर पावसात कुजते, आणि मग भाद्रपदात कितीही पैसे देऊन उपयोग नाही. वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून, गोणपाटात भरायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते.

यंदा आम्ही एकवीस किलो वेचली. निम्मी दादाने वेचली, हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण तो हा अंक वाचणार आहे. गोणी ओसरीच्या आढ्याला टांगलेली आहे. तिच्यावर त्याने कोळशाने वजन लिहिले. आजीने त्याखाली महिना लिहायला लावला. आठ महिन्यांपुढची निंबोळी ती हातात धरत नाही.